विसाव्यापर्यंतचे खांदे

मी एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि आमच्या आळीत मला पोरगा समजतात. गॅसचा सिलिंडर सरकवायचा असो, कुणाच्या टाकीवर चढून पाणी का येत नाही ते बघायचं असो, हाक मलाच. "अरे, तू तरणा आहेस," असं म्हणणारा स्वतः नव्वदीला टेकलेला असतो आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असतं. माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांना कोण विचारतो?

निर्मळ गावातली आमची आळी म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आणि घरांच्या मागे केळीच्या, फुलांच्या वाड्या. एकेका घरात आता दोन माणसं, काही घरांत एकच. मुलं वाईट नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे लगेच मुलांना बोल लावायला लागतात. आम्हीच त्यांना शिकवलं, ती लांब गेली तेव्हा आम्हीच पेढे वाटले. माझा मुलगा बोळिंजला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, सकाळी मुंबईला जातो तो रात्री उगवतो. शेजारच्यांची मुलगी बंगळुरूला. समोरच्यांचा मुलगा कॅनडात. संध्याकाळी घराघरांतून व्हिडिओ कॉल सुरू होतात आणि सगळी म्हातारी एकच वाक्य ओरडत असतात, "दिसतोयस, पण ऐकू येत नाही!"

त्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना सगळे दादा म्हणायचे. उंचपुरा, खणखणीत माणूस. आळीत कुणी गेलं की तिरडीचा पुढचा उजवा खांदा दादांचा, हे ठरलेलं. माझ्या वडिलांना त्यांनी पोचवलं, आईलाही. पुढे ऐंशी उलटल्यावर न्हाणीघरात पडले, खुबा मोडला आणि ओटीवरच्या खुर्चीत अडकले ते कायमचे. तिथून रस्त्यावरची शववाहिका दिसली की त्यांचं डोकं फिरायचं.

"टेम्पोतून माल नेतात तसा नेतात माणसाला," एकदा ते मला म्हणाले. "मला गाडीत घालू नका रे. वाडीच्या वाटेने न्या, खांद्यावरून. शब्द दे."

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी शब्द दिला. द्यायला काय जातंय, असंच तेव्हा वाटलं होतं.

दादा ऑक्टोबरात गेले, पहाटे, झोपेतच. मुलाने कॅनडातून रडत सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका, मी पोचेपर्यंत फार उशीर होईल. मी माझ्या मुलाला फोन लावला तर तो अंधेरीला पोचलेला. "बाबा, सरळ गाडी बोलवा ना," तो म्हणाला. बरोबरच म्हणाला, पण मी फोन कट केला.

तिरडी बांधायला बसलो तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. गाठ आवळायला कुणाच्याच बोटांत जोर नाही. खांद्याला मी, एक निवृत्त मास्तर, एक बायपास झालेले आणि एक सतत हात थरथरणारे, असे चौघं ठरलो. दादांचा धाकटा भाऊ, तोही पंचाहत्तरीचा, मडकं धरून पुढे चालणार होता. मास्तरांनी सुचवलं की केळीच्या वाडीत कामाला दोन गडी आहेत, त्यांना हाक मारू. भाऊ भडकला. "आमच्या आळीचा माणूस आजवर परक्या खांद्यावर गेलेला नाही!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अभिमानाला आमच्याकडे काही तोटा नव्हता, टंचाई खांद्यांची होती.

तिरडी ओट्याच्या कडेला ठेवली होती. आम्ही खाली अंगणात उभं राहून तशीच ती खांद्यावर ओढून घेतली. जमलं. वहिनी दारातून बघत होत्या आणि मला, खोटं कशाला सांगू, छाती फुगल्यासारखं वाटलं.

वाडीच्या वाटेला लागलो आणि फुगा उतरला. दादा आजारपणात निम्मे झाले होते, तरी बांबू खांद्यात रुतत होता. तोंडाने रामनाम सुरू केलं होतं, ते दम पुरेना म्हणून थोड्याच वेळात थांबलं. मागून हात थरथरणाऱ्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. ऊन चढलं होतं. विसाव्याची जागा कधी येते एवढंच माझ्या डोक्यात होतं, दादा डोक्यात नव्हतेच.

विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवर, चिंचेखाली, तिरडी घटकाभर खाली टेकवायची जागा. पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात आणि पुन्हा निघायचं. आमच्या आजोबांपासूनचा रिवाज. आम्ही दादांना तिथे टेकवलं, जागा बदलल्या, वाकलो आणि उचललं.

तिरडी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच राहिली. ओट्यावरून घेणं वेगळं आणि जमिनीवरून उचलणं वेगळं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बायपासवाल्यांनी एक हात छातीवर नेला. त्यांची बाजू सुटली, तिरडी कलली आणि दादा धप्पकन खाली आले. पांढऱ्या कापडाखाली त्यांचं डोकं एका बाजूला वळलं. मी ते हाताने सरळ केलं. त्यांचं कपाळ गार होतं आणि माझ्या हाताचा घाम त्याला लागला. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

"उचला ना," भाऊ मडकं धरून म्हणाला.

पुन्हा वाकलो. या वेळी गुडघ्यापर्यंतही नाही. मास्तर चिंचेच्या मुळावर बसले, मग एकेक करून सगळेच बसलो. शेवटी भावाने स्वतःच वाडीकडे तोंड करून त्या गड्यांना हाका मारल्या. गडी माल घेऊन बाजारात गेले होते.

मग मी शववाहिकेला फोन केला. गाडीला चिंचेपर्यंत यायची वाट सांगितली. ती येईपर्यंत आम्ही दादांच्या भोवती बसून होतो. माश्या यायला लागल्या, तेव्हा मी खांद्यावरच्या पंच्याने वारा घालत राहिलो. बायपासवाल्यांनी खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

गाडीतून ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार उतरले. "काका, साइडला व्हा, टेन्शन नका घेऊ," ड्रायव्हर म्हणाला आणि दोघांनी एका दमात दादांना आत सरकवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही पण बसा ना सगळे. चालत कुठे येता? जागा आहे."

आम्ही बसलो. चढताना एकेकाला हात देऊन वर ओढावं लागलं. दोन्ही बाजूंच्या बाकांवर आम्ही आणि मधे खाली दादा. वळणावर गाडी हिंदकळली तशी तिरडी सरकली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती घट्ट धरली. तेवढं मात्र आम्हाला जमलं. बायपासवाले पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "परत आणून सोडाल ना रे आम्हाला?" कुणीही हसलं नाही.

सगळं उरकून परत आलो तेव्हा वहिनी दिव्यापाशी बसल्या होत्या. आम्ही रिवाजाप्रमाणे दारात उभे राहिलो. त्यांनी आत या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "खांद्यावरूनच नेलंत ना?"

भावाने मान खाली घातली. शब्द मी दिला होता, तेव्हा उत्तरही मलाच द्यायचं होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "वाडीच्या वाटेने."

सकाळपासून कोरडे असलेले त्यांचे डोळे तेव्हा भरून आले. पदराने पुसून त्या म्हणाल्या, "फार बरं केलंत. मला मेलीला उगीच धास्ती, की तुम्हाला झेपायचं नाही. आता माझ्या वेळीही तसंच न्या, भावजी. मी काही त्यांच्याएवढी जड नाही."

मी हो म्हणालो.