हेलन नावाची ॲम्ब्युलन्स

त्या ऑगस्टमध्ये आमची बटालियन नेवाडाच्या वाळवंटात एकवीस दिवसांच्या ट्रेनिंगला होती. मी हेडक्वार्टर्स कंपनीच्या मेडिक प्लाटूनमध्ये ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होतो.

माझं शिक्षण अकरावी अर्धवट. आई कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये आयटीवाल्या काका-काकूंना डबे पुरवायची. मी शाळा सोडली, परीक्षा बाहेरून दिली आणि अमेरिकन आर्मीत गेलो. मेडिकल रिपोर्ट नीट लिहायला मला सार्जंट तेरेसा मोरालेस यांनी शिकवलं. शब्द चुकला की पुन्हा लिहून घ्यायच्या, पण चारचौघांत कधी बोलल्या नाहीत.

आमच्याकडे गाडीचं नाव कंपनीच्या अक्षरावरून ठेवतात. आमचं अक्षर एच. सार्जंट म्हणाल्या, "हेलन. शिंदे, रंगव."

मी विचारलं, "कोण ही?"

"ग्रीकांची राणी. परक्या राजपुत्राबरोबर गेली, किंवा त्याने पळवली. हजार जहाजं तिच्यामागे निघाली. दहा वर्षं लढाई. शहर जळालं."

"दिसायला कशी होती?"

"ते कोणी धड सांगितलंच नाही. शहरातले म्हातारे तिला बघून म्हणाले, हिच्यासाठी लोक लढले यात नवल नाही. बस्स."

टायरेल हा आमचा दुसरा मेडिक. तो म्हणाला, "माझ्या एक्ससारखी असणार."

"तिच्यासाठी होडीसुद्धा निघणार नाही," सार्जंट म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण एवढी माणसं तिच्यामुळेच मेली ना?"

"तीही स्वतःला तोच दोष देते. तिथेच मला राग येतो. जहाजं काय तिने सोडली होती?"

रोज तेच चालायचं. पाचला उठणं, गाडी तपासणं, पाणी भरणं, उन्हाने चक्कर आलेल्यांना सलाईन लावणं.

चौदाव्या दिवशी दुपारी डोंगरावर ढग आले. आमच्याकडे पावसाचा थेंबही नव्हता. 15:40 ला रेडिओ वाजला.

"हेलन, हेलन, बेस. कोरड्या नाल्यात पाणी आलंय. सप्लाय ट्रक अडकला. दोन जण आत. ओव्हर."

"बेस, हेलन. दहा मिनिटं. आउट."

आम्ही 15:52 ला पोचलो. पाणी मांडीपर्यंत होतं. सार्जंटनी दोराचं एक टोक गाडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला.

"शिंदे, सीट सोडायची नाही. मी सांगेन तेव्हा रिव्हर्स."

पहिल्या फेरीत ट्रकचा ड्रायव्हर आला. आत राहिला बेकर. वय एकोणीस, पाय डॅशबोर्डखाली अडकलेला. सार्जंट पुन्हा गेल्या. पाय सोडवला. पाणी आता छातीशी आलं होतं, आणि दोर एकच होता. त्यांनी तो स्वतःच्या कमरेचा काढून बेकरला बांधला. मला काचेतून सगळं दिसत होतं. त्यांनी हात वर केला.

"शिंदे, खेच!"

मी खेचलं. बेकर काठावर आला. टायरेल गाठ सोडत होता, दोर परत टाकायचा होता. तेवढ्यात वरून मोठा लोंढा आला आणि ट्रक आडवा झाला. वेळ 16:11. सार्जंट दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी 6:20 ला दोन किलोमीटर खाली सापडल्या. वय सव्वीस.

चौकशीत माझी चूक निघाली नाही. पण घरी आई विचारायची, "जेवलास का रे?" आणि मी दोराबद्दल बोलायला लागायचो. थोडं थांबलो असतो तर? बेकरचे मेसेज यायचे, माझ्यामुळे गेल्या. मी लिहायचो, नाही रे. स्वतःला मात्र ते सांगता येत नव्हतं.

डिसेंबरात मी, टायरेल आणि बेकर टेक्सासला सार्जंटच्या आईकडे गेलो. त्यांनी तमाले वाढले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे. बेकरच्या पानात दोन जास्त. मग माझ्याकडे वळल्या.

"शेवटचं काय म्हणाली?"

"'शिंदे, खेच.' एवढंच."

"आणि तू?"

"खेचलं."

त्यांनी बेकरकडे बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता.

"या घरात तिचं कधी कोणी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तू ऐकलंस."