तिसरा आग्रह

आमच्या अंगणाला रस्त्यावर उघडणारं दार एकच आणि त्या दारातून शेजारच्या मोलूक खानुमबरोबर बाहेर पडणं म्हणजे शिक्षा. मी म्हणायचं, "तुम्ही व्हा आधी." ती म्हणणार, "छे गं, सुरय्या जान, तू हो." मागे माझा नवरा खोळंबलेला, त्याची बस चाललेली, आणि ही बाई डोक्यावरची चादर सावरत भिंतीला चिकटून उभी. शेवटी मी तिच्या पाठीत हात घालून तिला बाहेर लोटायची.

आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. चहा पुढे केला की माणूस आधी नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा पेला उचलतो. पहिला नकार जिभेचा, दुसरा रीतीचा, खरं काय ते तिसऱ्या खेपेला कळतं. त्याला आम्ही तआरोफ म्हणतो. सगळं तेहरान असंच वागतं, मीही वागते. पण मोलूकनं त्यात हद्द केली होती. माझी सासू म्हणायची, ही कबरीत उतरतानासुद्धा शेजारच्या मढ्याला म्हणेल, "आधी तुम्ही."

ती मलायेरकडच्या एका खेड्यातली. नवरा ट्रकवर होता, घाटात गेला. पदरात एक मुलगी. तिला घेऊन ती तेहरानच्या दक्षिण टोकाला, आमच्या रे भागात आली, अंगणापलीकडची खोली भाड्यानं घेतली आणि लोकांची घरं पुसून मुलीला वाढवलं. मुलगी लग्न होऊन कोम शहरात गेली. मग मोलूकला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तजरीशच्या अलीकडे, फख्री खानुमकडे काम लागलं. फख्री खानुम एके काळी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नवरा वारलेला, एकुलता मुलगा हुमायून कॅनडात. तो तिथून रोज फोन करून उंटावरून शेळ्या हाकायचा, आईला दही देऊ नका, आईला खिडकीत बसवा. म्हातारीचे पाय गेले होते, पण गेलेत हे तिला पटलेलं नव्हतं. त्यामुळे चोवीस तास कुणीतरी जवळ लागायचं. दिवसा मोलूक, रात्री रझिये.

रझिये तरुण, दम्याचं पोर घरी ठेवून रात्रपाळी करणारी. दोघींची भेट रोज सकाळी उंबऱ्यावर व्हायची, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. अर्थात आधी कुणी जायचं यावर तिथेही वाद.

फख्री खानुमला मरणाची भीती नव्हती, एकटीनं मरायची होती. त्यांच्याच गल्लीत एक बाई घरात वारली आणि शेजाऱ्यांना ते वासावरून कळलं. त्या दिवसापासून म्हातारीनं मोलूकच्या मागे टुमणं लावलं. एकदा तिचा हात धरून म्हणाली, "मोलूक, मुलीची शपथ घे. मी जाताना तू जवळ असशील." आणि मोलूकनं घेतली. मी तिला तेव्हाच झापलं होतं. म्हटलं, "मरणाची वेळ काय तुमच्या पाळीत बसवून घेतलीय?" ती नुसती हसली. पण त्यानंतर तिनं एक दिवस खाडा केला नाही. ताप असला तरी जायची.

आणि मग ते मोठं बर्फ पडलं.

रात्रभर पडत होतं. सकाळी अंगणातला हौद कुठे आणि पायऱ्या कुठे ते कळेना. रेडिओवर सांगितलं, शाळा बंद, कचेऱ्या बंद, कुणी बाहेर पडू नका. मोलूक दोन जोड मोजे चढवून, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बूट घालत होती.

मी म्हटलं, "सुट्टी जाहीर झालीय, ऐकलं नाहीत का?"

"म्हातारपणाला कुठली गं सुट्टी? रझियेचं पोर आजारी आहे. ती किती थांबेल?"

"थांबेल की! फोन करून सांगा ना, आज येत नाही म्हणून."

"असं कसं सांगायचं? तिला नाही म्हणता येणार नाही बिचारीला."

मी तिच्या खिशात भाकरी-चीज कोंबलं आणि दार लावून घेतलं.

जमिनीखाली बर्फ पडत नाही, त्यामुळे मेट्रो चालू होती. पण तेव्हा ती मीरदामादपर्यंतच जायची. पुढे चढ. एरवी तिथे टॅक्सीवाले "तजरीश, तजरीश" ओरडत माणसं कोंबत असतात. त्या दिवशी मोलूक वर आली तर रस्त्यात एक बस आडवी फिरून उभी, गाड्या जागच्या जागी सोडून दिलेल्या आणि टॅक्सी औषधालाही नाही. माणसं कडेला घोळक्यानं उभी होती आणि एखादं चाक फिरताना दिसलं की धावत सुटत होती.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रझिये.

"मोलूक खानुम, कुठवर आलात हो? पोराला रात्रीपासून धाप लागलीय. ह्यांचे फोनवर फोन येतायत. पण तुम्ही येईस्तोवर थांबते मी, काळजी करू नका."

"थांबतेस कशाला? मी पोचलेच. गल्लीच्या तोंडाशी आहे."

"खरंच? बाई शांत झोपल्यात. थांबते की थोडं, त्यात काय."

"अगं जा तू. पोर आधी. मी आलेच समज."

आता आमच्या शहरात 'पोचलेच' म्हणजे माणूस अजून घरात मोजे शोधतोय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रझियेलाही माहीत होतं. पण पोराला धाप लागलेल्या आईला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तिनं "देव तुमचं भलं करो" म्हटलं, झोपलेल्या म्हातारीचं पांघरूण नीट केलं आणि ती घाईघाईनं जिना उतरली. मोलूकचा हिशेब साधा होता. एखादी गाडी मिळेल, थोडक्यात भागेल, त्या पोराच्या आईला कशाला अडकवायचं.

आणि गाडी मिळाली हो! हेच तर आहे. चाकांना साखळ्या बांधलेली एक गाडी हळूहळू आली आणि तिच्यासमोर थांबली. काच खाली झाली. आत इंजिनियरसाहेब, फख्री खानुमच्या खालच्याच मजल्यावर राहणारे. त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर! देवानं यापेक्षा काय करायचं?

"मोलूक खानुम! चला, बसा, घरीच चाललोय."

"नको नको, साहेब. तुम्हाला कशाला त्रास? माझे बूट बघा, गाडीत चिखल होईल."

"होऊ दे हो. बसा बसा!"

"तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू. जवळच तर आहे."

हे म्हणताना तिचा हात दाराच्या कडीकडे निघाला होता. ती तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होती. एरवी तो आलाच असता, साहेब काही वाईट माणूस नव्हे. पण मागे भोंगे वाजत होते, पोलीस शिट्टी मारत पुढे व्हा म्हणून हात करत होता, आणि त्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघेल याची खात्री नव्हती. ते म्हणाले, "बरं, जपून या." काच वर गेली.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. मला सांगताना ती म्हणाली, "मी हो म्हणणारच होते गं. पुढच्या खेपेला म्हणणार होते." मला इतका राग आला होता! म्हटलं, "मग हाक मारायची! बोंब ठोकायची!" तर म्हणे, "नको म्हणून झाल्यावर मागे धावायची लाज वाटली." भीड भिकेची बहीण. आमच्याकडे तर तिनं भिकेच्याही पुढची मजल गाठली.

गाडी वळणाआड गेली. तिनं रझियेला फोन लावला. लाइनी तुंबल्या होत्या, बराच वेळ लागेना. लागला तर वाजत राहिला, रझिये दोन्ही हातांनी कठडे धरून घसरत उतरत होती, ती कुठून उचलणार? मग मोलूकनं फख्री खानुमच्या घरचा फोन लावला. रझिये अजून निघाली नसेल तर थांब म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. मध्येच कट झाली. पुन्हा लावला तर एंगेज.

एंगेज ऐकून मोलूकच्या जिवात जीव आला. ती म्हणाली, "मला वाटलं, रझिये नवऱ्याशी बोलतेय. म्हणजे अजून घरात आहे." पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. जितक्यांदा एंगेज लागे तितका तिला धीर येई.

त्या धिरावर ती शरीअती रस्ता चढली. गुडघाभर बर्फात, दुकानांच्या शटरांना धरून. घरांच्या गच्च्यांवर फावडेवाले चढले होते. "बर्फ काढतो, बर्फ!" अशा हाका सगळ्या गल्ल्यांतून येत होत्या आणि वरून बर्फाचे ढीग धपाधप रस्त्यावर पडत होते. गोलहकपाशी ती पडली, उठली, पुढे आणखी एकदा पडली. बुटातल्या पिशव्या फाटून मोजे भिजले. दुपार व्हायला आली तेव्हा ती गल्लीत पोचली. साहेबांची गाडी दाराशी उभी होती आणि टपावर नवं बर्फ साठलं होतं.

वर जाऊन तिनं किल्लीनं दार उघडलं.

फख्री खानुम दिवाणखान्यात फोनच्या तिपाईशी पडल्या होत्या. रिसीव्हर वायरला लोंबकळत होता. घंटा ऐकून त्या उठल्या होत्या. हुमायूनचा फोन असेल असं वाटलं असेल, किंवा मोलूकचा. मोलूक जमिनीवर बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हात गार पडले होते. काखेत अजून ऊब होती.

ते ऐकलं आणि मी कानांवर हात ठेवले. पुरत्या गार असत्या तर बरं झालं असतं. गार असत्या तर निदान म्हणता आलं असतं, की गाडीतून येऊनही उपयोग नव्हता.

तिच्या किंकाळीनं साहेब वर धावत आले. आत पाय ठेवला आणि थिजले. म्हणाले, "आवाज आला होता मला. धप्प झालेलं. मला वाटलं, गच्चीवरचं बर्फ पाडतायत." मग त्यांची नजर तिच्या भिजलेल्या पायांवर गेली. दोघांना सगळं कळलं होतं.

हुमायूनला कळवलं ते साहेबांनीच. तो तिकडे ओक्साबोक्शी रडत होता, इकडे मोलूकला ऐकू येत होतं. त्यानं पहिलं हेच विचारलं, "आई एकटी होती का?"

साहेबांनी मोलूककडे पाहिलं आणि म्हणाले, "छे, छे. मोलूक खानुम जवळच होत्या."

माणुसकीनंच म्हणाले असतील. आमच्यात दुःखी माणसाच्या तोंडावर खरं फेकत नाहीत. किंवा स्वतःसाठीही म्हणाले असतील, मला ठाऊक नाही. पण त्या एका वाक्यानं मोलूकचं तोंड कायमचं शिवलं गेलं. ती घरी आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि हे सगळं एकदाच बोलली. मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" ती म्हणाली, "फोन मीच केला, सुरय्या. त्या उठल्या त्या माझ्यामुळे."

सातव्याच्या दिवशी दुखवट्याला मी तिच्याबरोबर गेले. ती यायलाच तयार नव्हती, पण न जाऊन कसं चालणार? हुमायून विमानानं आला होता. त्यानं सगळ्या नातेवाइकांदेखत तिचा खांदा जवळ घेतला. एवढ्या बर्फात, सगळं शहर घरात बसलेलं असताना ही बाई चालत आली, म्हणून सांगत होता. बायकांनी तिला ओढून वरच्या जागी बसवलं. ही "नको, नको" करत होती आणि त्या दिवशी ते खरंखुरं नको होतं, पण ऐकतो कोण? जी ती येऊन म्हणे, "धन्य तुमची. पुण्य बांधलंत." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिच्या बशीतला हलवा तसाच राहिला होता.

मग रझिये आली. पोराला कडेवर घेऊन आली होती. थेट मोलूकपुढे येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"मोलूक खानुम, तुम्ही पोचलात म्हणून वाचले हो मी. तुम्ही गल्लीत आहात म्हणालात म्हणून उतरले. नाहीतर माझ्या हातून केवढं पाप झालं असतं!"

मोलूकनं पोराचं टोपडं सारखं केलं. म्हणाली, "तुझं कसलं गं पाप?"

"त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही गं. हातात हात होता माझा."

"काही बोलल्या?"

मोलूकनं टोपड्याची नाडी बांधली. "तुझं नाव काढलं. म्हणाल्या, रझियेला सांग, पोराला जप."

रझियेचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. तिनं मोलूकचा हात धरून डोळ्यांना लावला. म्हणाली, "आई गं, तुमच्या मरणाच्या वेळीही देव तुम्हाला असंच कुणीतरी जवळ देवो. अगदी तुमच्यासारखं."

आजूबाजूच्या बायकांनी "आमीन" म्हटलं.

मोलूकही म्हणाली, "आमीन." दुसरं ती काय म्हणणार होती?