घडीच्या फळीचे माप

दोन वर्षांच्या करारावर परदेशी कामाला निघालेल्या सुताराला समुद्रकाठच्या या शहरात विमान बदलायचे होते. मधला अर्धा दिवस मोकळा होता. धाकटा भाऊ इथेच नोकरीला. “खोलीवर नको येऊस, दादा, बसायलाही जागा नाही. मीच विमानतळावर येतो,” असे त्याने बजावले होते. परंतु आपण घडवलेली वस्तू आपल्याच हाताने बसवायची, हा सुताराचा नेम होता. धाकट्याने कळवलेल्या मापाची, भिंतीला मिटवून ठेवता येणारी फळी त्याने सोबत आणली होती. खोलीतले टेबल हलवून त्याजागी ती लावली, की आईपुरती पथारी मावेल. धाकट्याकडे जागा नाही म्हणून सुताराने आईला मागच्याच आठवड्यात वृद्धाश्रमात सोडले होते.

पत्ता शोधत तो पोचला. बाविसाव्या मजल्यावरचे दार भावजयीने उघडले.

“अगंबाई, दादा! तुम्ही इकडे कसे?”

दिवाणखान्याच्या काचेतून समुद्र दिसत होता. आत दोन खोल्या. एकीत फक्त व्यायामाचे यंत्र, त्यावर टॉवेल वाळत घातलेले.

“मी निघतच होतो, दादा,” धाकटा पुटपुटला.

“फळी कुठे लावू?”

सुताराने टेप काढली. प्रत्येक भिंत मापापेक्षा लांब निघाली. शेवटी स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत फळी चपखल बसली. वर पांढऱ्या भिंतीत वाकडा खिळा होता. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याच्या डोक्यामागे दिसणारा. खाली बादली, झाडू आणि एक स्टूल.

“माप मात्र खरं दिलंस हो.”

“तसं नाही रे दादा. हिचं आणि आईचं...”

“माझं नाव कशाला पुढे करता?” भावजय उसळली. “आईंनाच यायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना मला?”

तेवढ्यात सुताराचा फोन वाजला. पडद्यावर आई.

“पोचलास? खिळ्यावरून ओळखलं मी! कोंडवाडाच आहे रे तो. धाकट्याला म्हणावं, मी मजेत आहे, जिवाला लावून घेऊ नकोस.”

सुतार फोन घेऊन दिवाणखान्यात आला. “आई, घर बघ.”

ती बघत राहिली. “केवढं रे! कोणाचं हे?”

“आमच्या साहेबांचं,” धाकटा मागून घाईने म्हणाला.

“मग त्यांनाच विचार ना, बाळा. एखादा कोपरा देतील का मला?”

“तूच विचार, आई,” म्हणत सुताराने फोन धाकट्याच्या हातात दिला. “साहेब समोरच आहेत.”

धाकट्याने पडदा छातीशी उलटा दाबून धरला. आतून आवाज येतच होता:

“साहेब, ऐकताय ना?”