भाऊजींचा दुसरा नंबर

जगात निर्दोष वस्तू अजून जन्माला आलेली नाही, आणि चुकून आलीच तर तिला मुलचेऱ्यात आमच्या भाऊजींसमोर उभं राहावं लागेल, म्हणजे तीही उरणार नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी विजेच्या लाइनवरची, बहुतेक एटापल्लीच्या जंगलात. खांबाखाली उभं राहून वरच्या इन्सुलेटरला गेलेला केसाएवढा तडा सांगणारा हा माणूस निवृत्त झाला, नजर मात्र निवृत्त होईना. ती वांग्यांवर गेली, लग्नातल्या जिलेबीवर गेली, शेजाऱ्याच्या नव्या कंपाउंडवर गेली. बाजारातली बंगाली मावशी तर भाऊजी दिसले की वांग्यांवर पदरच ओढायची. एकदा मी हौसेनं नवी मोटरसायकल दाखवायला नेली, तर तिच्याभोवती फिरून म्हणाले, "चांगली हाय गा. पन उभीच वाकडी राह्यते, चालन कशी?" तेव्हापासून ती गाडी मलाही वाकडीच दिसते.

मग भाच्यानं पुण्याहून पिशवीभर पाण्यात नखाएवढे लाल झिंगे आणले, शोभेचे, काचेच्या टाकीत पाळायचे. आमच्याकडे झिंगा म्हटलं की चटणी. शेजारच्यानं "चटणीपुरते कधी होतीन जी?" असं विचारलं, तर भाऊजींनी त्याचा नमस्कार घेणं बंद केलं. एका टाकीच्या दहा झाल्या, समोरची खोली झिंग्यांची झाली. या झिंग्यांच्या स्पर्धा भरतात हे कळल्यावर तर विचारूच नका. एकसारख्या सहा झिंग्यांचा संच मांडायचा, त्याही सगळ्या माद्या, कारण नर फिकेच असतात. रंग असा गच्च हवा की आरपार काही दिसू नये. पाठीची कमान नीट, चाल तरतरीत, आणि मुख्य म्हणजे रंग पायापर्यंत उतरलेला हवा. पाठ कुणाचीही लाल असते, पाय फिके निघतात, इथंच भलेभले संच मार खातात. इतर पाळणारे फिके झिंगे सरळ मारून टाकतात. भाऊजींनी त्यांच्यासाठी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं. "सकाळी बुद्धवंदनेत जीव न घ्याचं शील घ्याचं, अन् दुपारी रंग फिका म्हणून मारू काय?" त्या टाक्यात सगळे नापास सुखानं नांदतात आणि पास झालेल्यांपेक्षा जास्त पोरं काढतात.

हळूहळू हीच कसोटी माणसांनाही लागली. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा भाऊजी मुद्दाम चंद्रपूरला आमच्या घरी आले. मुलगा देखणा, शिकलेला, आमच्याशी गुळासारखा गोड. चहा आणणाऱ्या बाईवर मात्र एकदा खेकसला. भाऊजी मला आत नेऊन म्हणाले, "रंग पाठीवरच हाय गा. पायापर्यंत उतरला नाई." मी चिडलो, मुलीनं मात्र ऐकलं. आज दुसऱ्या स्थळातून मिळालेला जावई पाहतो तेव्हा वाटतं, बरं झालं बुवा.

या सगळ्याचा मार बसला तो ताईला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय सांगावं! पाणी तापलं की झिंगे मरतात, म्हणून घरातला एकुलता एक कुलर झिंग्यांच्या खोलीत. ताई जेवायला तिथे, निजायला तिथे, पाहुणा आला तर तोही तिथेच, आणि मोठ्यानं बोलायचं नाही. शेवटी एका मे महिन्यात तिचा स्फोट झाला. तेव्हा भाऊजींनी सर्वांसमोर शब्द दिला, "एकदा पयला नंबर येऊ दे वो. त्याच दिवशी सारं बंद."

तेव्हापासून भाऊजींचा दरवर्षी दुसरा नंबर येतो. कारण एकच. परीक्षक संचासमोर आले की भाऊजी स्वतःच बोट ठेवतात, "साहेब, तिसरीची शेपूट पाहा, पारदर्शी हाय." लोक म्हणत, केवढा हा सच्चेपणा! मीही म्हणत असे. ताई काही म्हणत नसे.

यंदा स्पर्धा चंद्रपूरलाच होती. दोघं थर्मासात झिंगे घेऊन एस.टी.नं आली. थर्मास भाऊजींच्या मांडीवर आणि पिशव्या ताईच्या डोक्यावर. परीक्षकांनी पाठी पाहिल्या, पाय पाहिले, टॉर्च मारला आणि भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, या वर्षी तुम्हीच पहिले." मी आनंदानं ताईकडे वळलो. सुटली एकदाची माझी बहीण, असंच वाटलं मला. पण भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ते टाकीला नाक लावून वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि एकदम खुलले.

"साहेब, या कोपऱ्यातलीचा डावा गाल पाहा! फिका डाग हाय."

"काका, नियमानं हातभर अंतरावरून दिसेल तेवढंच धरायचं."

"मंग नियमच फिका हाय तुमचा!"

वाद पेटला. दुसरा आलेला नागपूरचा पोरगा बिचारा "काकांनाच द्या" म्हणत होता, आणि भाऊजी त्यालाच झापत होते. शेवटी परीक्षकांनी हात टेकले. दुसरा नंबर.

मी तणतणत ताईला बाहेर घेऊन आलो. "ताई, हा माणूस मुद्दाम करते! त्याले बंदच नाई कराचं!"

"मले मालूम हाय," ताई म्हणाली. "डागवाली मीच टाकली संचात."

"तू? कायले?"

"रिटायर झाल्यावर पयलं वर्षभर ते दारात बसून खांब पाह्यत राह्यले. बोलणं नाई, जेवणं नाई. तू नव्हता पाह्याले, मी होती. बंद झालं तर दिवसभर काय करतीन?" मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "अन् आता डोळ्याचा पडदा चालला त्यायचा. बारीकसारीक दिसत नाई. सांगत नाईत, पन मले समजते. डागच सापडला नसता तर पयला नंबर घ्या लागला असता ना. ते पयले डावा गालच पाह्यतेत, म्हणून त्यातल्या त्यात मोठा डाग पाहून, गालावरचीच टाकली."

इतकी वर्षं मी ताईची कीव करत होतो.

तेवढ्यात भाऊजी दुसऱ्या नंबरचा कप घेऊन आले, स्वारी अगदी खुशीत. "थोडक्यात हुकला गा! पुढच्या साली पक्का पयला."

"हो जी, पुढच्या साली," ताई म्हणाली.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी लागली. दारातली पायरी भाऊजींना नीट दिसत नव्हती, पाय हवेत चाचपडत होता. ताई पटकन पुढे झाली आणि कुरकुरत म्हणाली, "मले हात द्या जी, लय उंच हाय पायरी." भाऊजींनी रुबाबात हात दिला. तो हात धरून ताईनं त्यांना वर चढवलं.