पाणी रंगवाले आलेली बाई

फोन आला तवा मी भट्टीपाशी होतो. पोरानं मोबाइल आणून कानाले लावला. तिकडून नागपूरचा एक माणूस बोलला, "चाचा, मी शैलामावशीचा भाचा. मावशी गेली." मी म्हटलं, "कुठी गेली जी?" तो थांबला. मंग म्हणे, "चाचा… गेली." अन् मी असा अकलेचा धनी, का म्हटलं, "बरं, मंग परत आल्या का सांगजा, म्हणा रंगारी सलाम सांगते." तिकडून फोन बंद झाला. मांगून बायको म्हणाली, "क्या हुआ?" मी म्हटलं, "बाई कुठी तरी गेल्या म्हणते." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणे, "अजी, गुजर गई वो. इतना भी नहीं समझता तुमको?" तवा कुठी समजलं… माह्या डोक्यात बाई गेली म्हणजे पहाडावरच गेली. दुसरीकडे जायाची सवयच नव्हती तिले.

त्याले आता महिन्याच्या वर होऊन गेला. मी बोलून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. मले सहीशिवाय काही लिहिता येत नाई, अन् सही बी दर खेपेले येगळी येते.

मी मूल गावचा रंगारी. साड्या, दुपट्टे, मांडवाचं कापड, जे येईन ते रंगवतो. पण नाव झालं ते येगळ्याच गोष्टीचं. माहा रंग टिकत नाई. एका नवरदेवाचा लाल फेटा मी रंगवला होता, वरातीत घाम आला अन् गडी गालापर्यंत लाल. लोकाईले वाटलं लाजून राह्यला. सासरे लय खूश, म्हणे संस्कारी जावई भेटला. असा माहा धंदा. त्यातच एक दिवस दुकानासमोर काळी छत्री घेऊन एक बाई उभी राह्यली. पायात मर्दानी बूट, साडी वर खोचलेली. म्हणाली, "ज्यांचा रंग टिकत नाही, ते रंगारी तुम्हीच का?"

"हो जी, मीच. काय खराब झालं तुमचं?"

"काही नाही. मला तसाच रंग हवाय. कशालाच न धरणारा."

"कापड दाखवा."

"कापड नाही हो. पाणी रंगवायचंय."

आतून बायको हळूच म्हणाली, "पागल है क्या?" मी म्हटलं, "चूप, गिऱ्हाईक हाय."

बाई नागपूरच्या कॉलेजात शिकवत होती अन् सुट्टी भेटली का गडचिरोलीकडच्या पहाडाईत फिरत होती. पाऊस पहाडावर पडते तं मुरते कुठी, निंगते कुठी, वरचं जंगल त्याले कसं धरून ठेवते, हे तिचं संशोधन. मले तिनं चार खेपा समजावलं. मी चारही खेपा मान हालवली, अन् पाचव्यांदा इचारलं, "पण बाई, पाणी तं आपल्या मनानं जाते, त्याले इचारता काऊन?" ती हासली नाई. म्हणे, "बरोबर. म्हणूनच विचारायचंय. ते माणसांसारखं खोटं सांगत नाही." मंग तिनं खरी गोष्ट सांगतली. एका पहाडाच्या पायथ्याशी गोंड लोकाईचा लहानसा पाडा होता. पाड्याले पाणी एकाच झऱ्याचं. अन् पहाडाच्या पलीकडच्या अंगाले लोखंडाच्या दगडासाठी खोदाई होणार होती. साहेब लोकाईचं म्हणणं, खोदाई तिकडं, झरा इकडं, दोघाईचा काय संबंध. पाड्याचा म्हातारा दुंगा गायता, म्हणजे त्याईच्या देवाचं पाहणारा माणूस, म्हणत होता का पाणी तिकडूनच येते. पण त्याचं म्हणणं कोणत्या कागदावर चढल? बाईले पलीकडच्या दरीत रंग टाकायचा होता अन् तो अलीकडच्या झऱ्यात निंगते का, ते पाह्यचं होतं.

माह्या अंगणात आमी बुडाले भोकं पाडलेल्या डब्यात पहाडाची लाल माती भरली अन् वरून माहे रंग वतून पाह्यले. मातीनं सारे गपकन धरून ठेवले. मी म्हटलं, "बाई, हे माती इथीच ठेवा, मी हिचेच दुपट्टे शिवून विकतो." शेवटी बाईनं नागपूरहून आणलेली केशरी पावडर काढली. पाण्यात पडली का पोपटी होये. डॉक्टर लोक डोळे तपासाले वापरते, म्हणे. ते मातीतून सरळ खाली निंगून आली, जशीच्या तशी. माह्याहून कच्चा रंग म्या पह्यल्यांदाच पाह्यला. बाई म्हणाली, "उस्ताद, मी वर असेन. खाली झऱ्यापाशी रंगाची पारख असणारं माणूस पाहिजे. चला." मले जिंदगीत पह्यल्यांदा कोणी उस्ताद म्हटलं. मी तिच्यामांगं कोळशाच्या खाणीतही उतरलो असतो.

पाड्यावर बाईनं पावडर गिलासात घोळली अन् साऱ्याईच्या समोर एक घोट पेली, का पाहा, हे जहर नाई. दुंगा गायत्यानं तिची जीभ पाह्यली, मंग पहाडाकडे पाहून काहीतरी पुटपुटला अन् म्हणाला, "टाक." बाई अर्धी पावडर घेऊन पलीकडं टाकाले गेली. मी झऱ्यापाशी बसलो.

आता झालं असं, का आदल्याच दिवशी म्या उरुसाच्या हिरव्या चादरी रंगवल्या होत्या. हात कोपरापर्यंत हिरवे. दोपारी जोहरच्या नमाजाची वेळ झाली. समोर एवढं साफ पाणी… मी उतरलो, मजेत वजू केला, कोपरापर्यंत हात धुतले, वर येऊन नमाज पढलो. उठून पाह्यतो तं पाणी हिरवं. म्हटलं, या अल्ला, एवढ्या लवकर. मी असा वरडलो का सारा पाडा धावून आला. दुंगा गायत्यानं मले छातीशी धरलं. कोणी ढोल काढला. बाई धापा टाकत पहाड उतरली, झऱ्यात वाकली, लय वेळ पाह्यलं. मंग म्हणाली, "उस्ताद, हात दाखवा."

ढोल थांबला. बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या. दुंगा हासला नाई. म्हणाला, "बाई, हिरवं तं हिरवं. पाणी तिकडूनच येते, मले माहीत हाय. लिव तू."

बाई म्हणाली, "दादा, मलाही तसंच वाटतं. पण आज मी उस्तादच्या हाताचा रंग लिहिला, तर उद्या साहेब तो एका बादलीत धुऊन टाकतील. मग खरा रंग आला तरी कोणी पाहणार नाही."

"अन् नाईच आला तं?"

बाईनं पावडरचा डबा उघडून पाह्यला. पह्यली टाकलेली आता भरोशाची राह्यली नव्हती, अर्धीच उरली होती, अन् खोदाईचं ठरवाची साहेबाईची बैठक नवी पावडर यायाच्या आधीच होती. तिनं झऱ्यातलं पाणी वाहून साफ होऊ देलं, उरलेली पावडर सारी पलीकडं टाकून आली अन् मंग आमी वाट पाह्यली. मले चिंचेखाली, झऱ्यापासून लांब बसवलं. हिरवा भाऊ म्हणून पोरंसोरं मले पाहाले येत. दुंगा माह्याकडे पाठ करून बसे. एका सकाळी आलं नाई, दुसऱ्या सकाळी आलं नाई. मी बाईले इचारलं, "बाई, नाई निंगालं तं काय लिवसान?"

"नाही निघालं, असं लिहीन."

"अन् या पाड्याचं?"

तिच्या हातात पळसाचं पान होतं. ते फाडत राह्यली, फाडत राह्यली, एवढे बारीक तुकडे केले का मुंगी घेऊन जाईन. एवढी शिकलेली बाई, पण त्या दिवशी मले तिची लय दया आली. खोटं तिच्या हातात होतं, अन् तिच्याच्यानं ते होत नव्हतं.

मंग एका सकाळी दुंगाची बायको पितळेच्या गुंडीत पाणी घेऊन चिंचेपाशी आली. गुंडी उन्हात धरली. पाण्यात पोपटी झाक. हलकीशी, जशी नवी पालवी दुरून दिसते. बाईनं आधी माह्याकडे पाह्यलं. मी दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यावानी. तवा ते खाली बसली अन् एवढी हासली, एवढी हासली… अन् हासताहासताच तिचे डोळे भरले. दुंगानं मले पेटवून इडी देली. म्या कधी पेत नाई. त्या दिवशी पेली, अन् बैठकीले जाईपर्यंत खोकलत होतो.

बैठकीत बाईनं त्या पोपटी पाण्याची शिशी टेबलावर ठेवली. एका साहेबानं इचारलं, पानी में रंग किसने डाला? बाई म्हणाली, "मीच. तुमच्या बाजूला." त्या अंगाची खोदाई थांबली. बाकी पहाडाचं पुढं काय झालं, काय होणार हाय, ते मी अडाणी माणूस सांगू शकत नाई. झरा राह्यला, एवढं मले माहीत हाय.

त्याच्यानंतर बाई दर सालाले मूलले येये. पांढरा दुपट्टा आणे, माह्याकडून रंगवून घेये, अन् पह्यल्या धुण्यात उडलेला तोच दुपट्टा पुढच्या साली गळ्यात घालून दाखवाले येये. मी म्हणो, "बाई, पैसे परत घेऊन जा." ते म्हणे, "उस्ताद, याचा रंग गेला तेवढा कुठं गेला, ते शोधतेय मी." तिचे गुडघे गेले तरी छत्री टेकत पहाडावर जाये. मले एकदाही बोलली नाई का तुमच्यामुळं माही अर्धी पावडर वाया गेली. साऱ्या जगाले मात्र सांगे, अन् मलेच साक्षीदार म्हणून उभं करे.

आता मागच्या आठवड्यात मी पाड्यावर गेलो. म्हटलं, खबर द्याले पाह्यजे. दुंगा गायता तं आधीच गेला, त्याची बायकोही गेली. झऱ्यापाशी एक नवी सून पाणी भरून राह्यली होती. मले तहान लागली होती, मी वाकलो.

"ओ भाऊ, हात नका घालू पाण्यात."

मी थांबलो. तिनं फांदीले दोरीनं बांधलेला तुंबा सोडला, वाळल्या भोपळ्याचा. म्हणाली, "तुंब्यानं घ्या. इथी कोणी हात घालत नाई. बाईचा नियम हाय."

"कोणत्या बाईचा?"

"मले का माहीत. मी आताच लग्न होऊन आली. सासू सांगत होती, तुंबा फुटला का त्याच दिवशी दुसरा बांधाचा, म्हणे बाईचा नियम हाय. इथली पाण्याची बाई असंल कोणी."

मी जे खबर द्याले आलो होतो, ते माह्या तोंडातून निंगालीच नाई. म्हटलं, "हो जी. असंल." अन् ओंजळ पुढं केली. तिनं वरून धार धरली. पाणी हातात भरलं, थंडगार. पेण्याच्या आधी मी चांगलं वाकून पाह्यलं. कायचाच रंग नव्हता.