बेंबी जागेवर होती

कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझ्या दुखण्याला तीन नावे होती. सासूबाई त्याला पित्त म्हणत. मी मनातल्या मनात हृदयविकार म्हणत असे. आणि डॉक्टर, हृदयाचा आलेख काढून झाल्यावर, म्हणाले होते, ‘काही नाही.’ या तिन्हींत मला सर्वांत जास्त लागले ते शेवटचे.

ऐंशीचे दशक सरत आले होते. घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. नोकरी अजून कायम नव्हती. मला कायम करायचे की नाही हे ठरवण्याआधी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून माझा एक कवितेचा तास पाहणार होत्या. त्याच्या काही महिने आधी, एका दुपारी, त्या सहज दारात येऊन उभ्या राहिल्या आणि वाचता वाचता माझा आवाज तुटला. शब्द समोर छापलेले होते. पण घशात ओल्या कापसाचा बोळा बसला होता, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या, आणि बेंबीच्या मागे काहीतरी पंख आपटत होते. बाई निघून गेल्या. ती फडफड राहिली. पुढे मंगळवारी आणि शुक्रवारी, कवितेच्या तासाला, ती माझ्याआधी वर्गात जाऊन बसे. मी मुलांनाच कविता वाचायला लावू लागले. जिचे सारे शिक्षण कवितेत झाले, तिनेच कवितेपुढे मुके व्हावे, याची लाज मी घरी कुणाला सांगितली नाही.

सासूबाई मोरावळा देत, आमसुलाचे पाणी देत. पित्त वाढू नये म्हणून मी आधी चहा सोडला, मग सकाळचे खाणेही. रिकाम्या पोटी ती धडधड अधिकच स्वच्छ ऐकू येई. तशी ती आली, की मी आणखी एक घास कमी करी.

कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी मावशी वर्षानुवर्षे आमच्या दाराशी पाटी उतरवत असे. तिला सरकलेली बेंबी जागेवर बसवता येते, अशी आळीत ख्याती होती. सासूबाईंनी तिला एका सकाळी मुद्दाम लवकर बोलावले, कारण बेंबी पाहायची ती अनशापोटी.

“खाल्लेलं अंगी लागत नाही हिच्या,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं आमसुलाचं पाणी टिकतं.”

“आमसूल बांगड्यात घाल गो बाय. सुनेच्या पोटात कशाला?”

मी चटईवर उताणी निजले. मावशीच्या हाताला खाडीचा, मिठाचा वास होता. तिने अंगठा बेंबीवर टेकवला आणि डोळे मिटले. आतली धडधड तिच्या अंगठ्यावर आदळत होती, आणि पहिल्यांदाच ती माझ्याखेरीज आणखी कुणाला तरी कळत होती.

“बेंबी जाग्यावर हाय,” ती म्हणाली. “पन उडतेय लय. कवा उडते?”

“रोज.”

“रविवारी?”

मी आठवून पाहिले. “रविवारी नाही.”

“मंग ती बेंबी नाय. बेंबीला वार कलत नाय.”

आढ्याकडे पाहत मी मंगळवार सांगितला, शुक्रवार सांगितला, मागचा बाक सांगितला.

“अगं, कवितेला कोण घाबरतं?” सासूबाई म्हणाल्या.

“मी मासलीच्या भावाला घाबरलेले,” मावशी म्हणाली. “लगीन करून आले, पयल्या दिशी बाजारात बसले, तर तोंडातून भाव निघंना. हात बर्फावानी गार. सासू म्हनली, लाजते. लाजत नव्हते गो, घाबरलेले.”

“मग?” मी विचारले.

“मंग काय. मासली नासते. घाबरत घाबरत वरडले.”

तिने हात माझ्या पोटावर सपाट ठेवला. “पयला सगला श्वास सोड. छाती भरलेली असली की आवाज आत अडकतो. सोड, थांब, मंग हाक मार.” मी श्वास सोडला. तिच्या तळव्याखाली पोट खोल गेले, थांबले, आणि नवा श्वास न बोलावता आला.

“झालं,” सासूबाई म्हणाल्या, “उद्या आळीत म्हणतील, सून पाटी घेऊन बसणार.” पण त्या उठल्या आणि त्यांनी पोह्यांना फोडणी घातली. मी बशीभर खाल्ले.

शाळेच्या वाटेवर मला आठवले, वृत्तातली यती मी फळ्यावर उभ्या रेघेने दाखवत आले होते. विसाव्याची ती जागा शरीरातही असते, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते.

तासाच्या दिवशी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या आणि सारे ठरल्याप्रमाणे आले: बोळा, मुंग्या, फडफड. मला त्यांची नावे आता ठाऊक होती, किंवा एकच नाव ठाऊक होते. मी श्वास सोडला. थांबले. खिडकीतून मिठागरांवरून आलेला वारा पुस्तकाचे पान हलवत होता. मी ते अंगठ्याने दाबले आणि वाचू लागले. पहिले कडवे कापत गेले. दुसऱ्यात आवाजाला तळ लागला. मुंग्या गेल्या नव्हत्या; त्या बोटांत होत्या, आणि त्याच बोटांनी पुस्तक धरले होते.

तास संपल्यावर बाई वही मिटत म्हणाल्या, “पहिल्या कडव्यात आवाज थरथरत होता तुमचा.”

“हो, बाई.”

“मला वाटलं, कवितेनं.”

कायम झाल्याचे पत्र हाती आले तेव्हा ते घरी वाचून दाखवतानाही पोटात थोडे हलले. दुसऱ्या दिवशी मावशीने पाटी उतरवली आणि आधी विचारले, “वर्गात उडली का?”

“उडली.”

“उडू दे,” ती म्हणाली आणि पाटीवरचे ओले फडके बाजूला केले. “आज बांगडा हाय.”

सासूबाईंनी आत जाऊन आमसुलाची बरणी काढली.