आतोबांची पोपटी

पृथ्वीतलावर पोपटी लावता येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. बाकीचे पनवेलकर नुसत्या शेंगा भाजतात. थंडीत वाल भरला, की प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला आम्ही सगळे नातेवाईक आत्याच्या अंगणात जमतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ भरायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा, एवढंच खरं तर काम. पण आतोबा बाजारात एकेक शेंग कानाशी नेऊन हलवून बघतात. एकदा शेंगावाली वैतागून म्हणाली, "दादा, शेंग खायाची हाय का तिला सून करून न्यायची हाय?" पाला कर्नाळ्याच्या बाजूचाच लागतो, आणि येताना गाडीत पुढच्या सीटवर पाला बसतो, मागे आत्या. "पाला दबला की वास जातो," म्हणतात. आत्या दबली तर काय जातं, हे तिने अजून विचारलेलं नाही. जाळाला हात लावायची कुणाची टाप नाही. माझ्या वडिलांनी एकदा एक काटकी सरकवली, तर आतोबा संध्याकाळभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि एक कायदा. जाळाजवळ रडगाणं गायचं नाही, शेंगा कडू होतात. त्यामुळे थोरल्या काकूंना आपला गुडघा फाटकाबाहेर ठेवून यावं लागतं. माझी नोकरी गेली होती त्या वर्षी मी जरा सुस्कारा सोडला, तर आतोबा म्हणाले, "जा, रस्त्यावर उभा राहून काय ते बोलून घे आणि ये." मी खरंच गेलो. परत आल्यावर त्यांनी काही न विचारता सगळ्यांत मोठा बटाटा माझ्या पुढ्यात टाकला. हा माणूस मला फार आवडतो.

यंदा मात्र पोपटी होणार नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. आतोबांची एकुलती एक मुलगी मेधा दिवाळीत नाशिकहून, सासरहून, कायमची परत आली. तेव्हापासून कुणी घरी आलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. तरी आतोबांचा मेसेज आला, "यायचंच." आम्ही गेलो. कायद्यामुळे कुणी काही विचारलं नाही, पण दुसरं काय बोलावं तेही सुचेना. आत्या दोनदा आत जाऊन आली. "भूक नाही म्हणते," एवढंच हळूच म्हणाली. आतोबा जाळाकडे पाठ करून बसले होते, मेधाच्या खिडकीकडे बघत. मडक्यावर पाणी शिंपडून पोपटी झाली का, हे बघायचंही त्यांनी सोडून दिलं. आम्हाला जळका वास येत होता, पण इतक्या वर्षांच्या धाकाने कुणाची जीभ उचलेना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "बाबा! लक्ष कुठंय तुमचं? करपलं की सगळं!" केस कसेबसे वर बांधलेली मेधा धावत आली, काठीने निखारे पसरले आणि मडकं पेपरवर रिकामं केलं. निम्म्या शेंगा कोळसा झाल्या होत्या. आता तिच्या लक्षात आलं, की आपण सगळ्यांच्या मधोमध उभ्या आहोत. काकूंनी तोंड उघडलं, आता त्या नको ते विचारणार असं वाटलं. "मेधा, बस गं. तुझ्या हाताने दोन चांगल्या शेंगा काढून दे मला. अंधारात दिसत नाही."

मेधा बसली. शेंगा निवडता निवडता तिनेही खायला सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी पोपटी मी लावणार," ती म्हणाली.

ती पुढच्या वर्षीही इथेच असणार, हे त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. आतोबांनी एक करपलेली शेंग सोलली, बराच वेळ चावली.

"लाव," ते म्हणाले. "मी पाला आणून देईन."